स्कर्बीचे कुंपण

खुंटाच्या टोकाला कुऱ्हाडीचे घाव होते, प्रत्येक तीन बोटे रुंद, आणि प्रत्येक घावाच्या डाव्या कडेजवळ दोऱ्याएवढी बारीक रेघ उठून आली होती. घाव गुळगुळीत, रेघ मात्र हाताला लागेल इतकी उंच. कुऱ्हाडीच्या पात्याला तिथे खाच पडलेली असणार. खाचेने जेवढे लाकूड सोडले तेवढे रेघ होऊन उरले होते आणि चार हजार वर्षे काळ्या चिखलात तसेच राहिले होते.

"नख लावू नका हं," केरिस म्हणाली. "वरचं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालंय."

रोवीना थॅक्स्टरने हात मागे घेतला आणि फवाऱ्याने खुंटावर पुन्हा पाणी मारले. वारा होता. वाऱ्याने लाकूड सुकले की ते तडकते, म्हणून ओले ठेवायचे, एवढे काम केरिसने तिला दिले होते. केरिस पॅस्क जुन्या लाकडांची अभ्यासक. मागच्या वादळाने किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून नेली, खालचा काळा थर उघडा पडला आणि त्यात खुंटांच्या दोन रांगा दिसल्या, तेव्हा तिला इकडे पाठवले होते. तिच्याकडे एक आठवडा होता, कारण पाणी इतके मागे जाणाऱ्या ओहोट्या तेवढ्याच होत्या. रोवीनाला या आठवड्यात शाळेच्या स्वयंपाकघरातून रजा असे. दरवर्षी सप्टेंबरात ती ही रजा घ्यायची, कुंपणासाठी.

तशी रेघ तिने आधी पाहिली होती. तिच्या वडिलांच्या कोयत्याला एक खाच होती. कधी काळी जुन्या फाटकातल्या खिळ्यावर आपटून पडलेली. त्या कोयत्याने तासलेल्या प्रत्येक खुंटाच्या टोकाला अशीच रेघ उठे. हे तिला केरिसला सांगावेसे वाटले. पण सांगून काय होणार होते, म्हणून ती पाणी मारत राहिली.

स्कर्बी गावाचे कुंपण समुद्राला आडवे नव्हते. ते कड्याच्या पायथ्यापासून सरळ पाण्यात शिरत होते. खुंटांची दुहेरी रांग, मध्ये काटेरी झुडपांचे भारे दाबून बसवलेले. एके काळी कड्यावरच्या गल्लीतल्या प्रत्येक घराचे असे एक छोटेसे कुंपण होते आणि ते आपापल्या घरासमोरची वाळू धरून ठेवी. मग दक्षिणेकडच्या टोकाचे घर कोसळले. त्यानंतर त्याच्या शेजारचे. समुद्र दक्षिणेकडून खात येतो, असे स्कर्बीत लहान मूलही सांगे. ज्याचे घर गेले तो आपले खुंट उपटून उत्तरेकडच्या शेजाऱ्याला आणून देई. असा नियम कोणी केला नव्हता. पण खुंट न देता निघून गेलेल्याचे नाव पुढे कोणी काढत नसे. प्रत्येक पडलेल्या घरागणिक उत्तरेचे कुंपण लांब होत गेले. आता गल्लीत उत्तरेच्या टोकाचे एकच घर उरले होते, थॅक्स्टरांचे, आणि कुंपणही एकच. त्याचे टोक ओहोटीतसुद्धा पाण्यात असे.

हिवाळ्याआधी एका शनिवारी ते दुरुस्त करायचे. खुंट ठोकायला दोन माणसे लागतात, एकाने धरायचा आणि दुसऱ्याने वर लाकडी मोगरी मारायची. रोवीनाचे वडील ह्यूबर्ट थॅक्स्टर आता चौऱ्याऐंशीचे होते आणि त्यांच्याने मोगरी उचलत नव्हती. ते धरत आणि रोवीना मारी.

घरामागे कपडे वाळत घालायच्या दोरीचा पलीकडचा खांब मागच्या आठवड्यात कड्याखाली गेला होता. कौन्सिलने आतल्या शहरात एक बैठे घर देऊ केले होते आणि महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगा म्हटले होते. असे विचारण्याची ही तिसरी खेप. दरवेळी रोवीनाने फोनवर तेच उत्तर दिले होते: कुंपण होऊ दे, मग बघू.

कड्याला लावलेल्या शिडीवरून कोणीतरी धापा टाकत उतरत होते. मेव्हिस लार्टर. काखेत थर्मास, डोक्याला रुमाल. हयातभराची शेजारीण, दक्षिणेकडची. तिचे घर फेब्रुवारीत गेले. आता ती बहिणीच्या मागच्या खोलीत राहत होती आणि बसने यायची.

"काय, सापडला का खजिना?" ती लांबूनच ओरडली. "माझी किटली सापडली तर सांगा बाई. चांगली होती, शिट्टी वाजवायची. इथंच कुठंतरी उतरली असेल."

"किटली नाही, पण रस्ता सापडलाय," केरिस हसून म्हणाली.

"कुठं जातो?"

"ते नाही ठाऊक."

"मग इथल्याच लोकांचा." मेव्हिसने एका दगडावर बूड टेकले आणि थर्मासचे झाकण उघडले. "काय ग रोवीना, म्हातारा काय म्हणतो?"

"खुंट तासतोय."

"तासू दे. मेल्यावर त्याच्या पेटीलाही टोक काढून ठेवेल तो. सरळ जमिनीत ठोकता यावी म्हणून."

रोवीनाला हसू आले. मेव्हिस आली की तिला बरे वाटे.

केरिस पट्ट्यापट्ट्यांची काठी घेऊन कुंपणापाशी गेली. उत्तरेच्या बाजूला वाळू जवळजवळ कुंपणाच्या माथ्याला लागली होती. दक्षिणेच्या बाजूला केरिसने हात वर केला तरी माथा हाताला लागत नव्हता. दोन्हीकडचे आकडे लिहून घेत ती परत आली. तिचे गाल वाऱ्याने लाल झाले होते. तिला काहीतरी उलगडल्याचा आनंद झाला होता.

"आता कळलं हे एवढं अचानक का उघडं पडलं ते. इथली वाळू कुठून येते सांगा बरं?"

"समुद्रातून," मेव्हिस म्हणाली. "आणखी कुठून येणार, दुकानातून?"

"उत्तरेकडून येते. कड्यांची माती पडते, लाटा ती किनाऱ्याकडेनं थोडी थोडी खाली ढकलत नेतात. सगळी दक्षिणेला. इथं आली की कुंपणाला अडते आणि साठते. पुढं काहीच जात नाही." तिने हाताने कुंपणाच्या दक्षिणेचा काळा थर दाखवला. "म्हणजे एका अर्थी तुमच्या कुंपणामुळेच मला हे बघायला मिळतंय."

मेव्हिस कपात चहा ओतत होती. चहा काठापर्यंत आला, तेव्हा तिने थर्मास सरळ केला.

"आणि कुंपण नसतं तर?"

"वाळू पुढं गेली असती. हा पट्टा झाकलेला राहिला असता."

"आणि वरचा कडा?"

केरिसने वर पाहिले. कड्याच्या मातीतून एक पांढरा नळ बाहेर आला होता, हवेत संपणारा. मेव्हिसच्या न्हाणीघराचा. केरिसला ते कोणी सांगितले नव्हते. पण आता तिने नळाकडे पाहिले, मेव्हिसकडे पाहिले आणि तिचा आवाज उतरला.

"कडा तसाही ढासळला असता. इथली माती भुसभुशीत आहे. पुढं वाळू असली तर लाटा पायथ्यापर्यंत पोचत नाहीत, एवढंच."

"कधी ढासळला असता?"

"असं सांगता येत नाही."

"अंदाजानं सांग की पोरी. शिकलीयस ना तू?"

"दहा वर्षं उशिरा. कदाचित पंधरा."

मेव्हिस शहात्तर वर्षांची होती. तिने तो कप केरिसच्या हातात दिला. मग थर्मासचे झाकण लावू लागली. आटे नीट बसेनात. रोवीनाने हात पुढे केला, पण मेव्हिसने तो नुसता बाजूला सारला.

"माझे खुंट त्या टोकाला आहेत," ती म्हणाली. "मार्चमध्ये आणून दिले. हातगाडीवरून. तीन खेपा झाल्या. तू होतीस की, रोवीना."

"होते."

"केकही आणला होता मी." ती उठली. "चहा प्या, निवेल."

शिडीच्या पायऱ्यांवर तिचे बूट बराच वेळ वाजत राहिले.

दुसऱ्या दिवशी ह्यूबर्ट खाली आले. रोवीना पुढे उलटी उतरत होती, त्यांचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत. खाली पोचल्यावर त्यांनी दोन्ही काठ्या चिखलात रोवल्या आणि खुंटांच्या रांगांकडे टक लावून पाहिले. त्यांचा चेहरा इतका उजळला की रोवीनाने दुसरीकडे पाहिले.

"अगं, हे तर कुंपण!" ते म्हणाले. "दुहेरी रांग, मध्ये भारे. बघ, बघ. मी म्हणत नव्हतो? इथं माणसं कायम समुद्र धरून राहिलीत."

"रस्ता आहे, मिस्टर थॅक्स्टर," केरिस म्हणाली. कालपासून ती जपून बोलत होती. "तेव्हा समुद्र इथून फार लांब होता. दिसतही नसेल. ही दलदल होती आणि तिचं पाणी वर्षावर्षाला चढत होतं. लोकांनी ती ओलांडायला लाकडं टाकली."

"मग पाण्याशीच झुंजत होते ना? तेच म्हणतोय मी."

केरिस उकिडवी बसली आणि थरांच्या कडेने बोट फिरवत गेली, स्पर्श न करता. "खालचा थर ओकच्या फळ्यांचा. भोकं पाडून, खुंट्या मारून बसवलेला. घाई नव्हती त्यांना. तो बुडायला लागला तेव्हा त्यावर हा दुसरा. यात ओक कमी, मिळेल ते लाकूड. आणि वरचा हा नुसत्या हेझलच्या काटक्यांचा. बांधलेल्याही नाहीत. इथपर्यंत येतो आणि थांबतो."

"पुढचा वाहून गेला असेल."

"पुढे खुंट रोवलेले आहेत. त्यांच्यावर काही टाकलंच नाही. टाकलं असतं तर चिखलात ठसे राहिले असते."

ह्यूबर्टनी ते मोकळे खुंट एकेक करून मोजले.

"काम अर्धं टाकून गेले म्हणायचे."

"हो."

"आळशी लेकाचे," ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "हे सगळं उचलून नेणार का?"

"नाही. एवढं ओलं लाकूड टिकवायचं म्हणजे वर्षानुवर्षं टाक्यांत ठेवावं लागतं. तशी सोय नाही. फोटो काढते, मोजते, दोन-तीन तुकडे घेऊन जाईन."

"आणि उरलेलं?"

"हा हिवाळा काढणार नाही ते."

"आमचं कुंपण उपटलं तर काढेल?"

रोवीनाने चमकून वडिलांकडे पाहिले. कालचे बोलणे तिने घरी काढले नव्हते.

"आता नाही," केरिस म्हणाली. "वाळू परत यायला काही वर्षं जातील. याच्याकडे महिने आहेत. आणि तिकडचा कडा," ती मेव्हिसच्या नळाकडे न बघता म्हणाली, "तो काही परत येत नाही."

"मग झालं तर," ह्यूबर्ट म्हणाले. काठी उपटून त्यांनी ती घराच्या दिशेला वळवली. "उपटून कोणाचं भलं व्हायचं नाही. चल, रोवीना. शनिवारची ओहोटी चांगली आहे."

संध्याकाळी ते जेवायला बसले. उकडलेले बटाटे, तळलेला हेरिंग मासा, मिठात घातलेली खाडीकाठची भाजी. खिडकीतून पूर्वी मेव्हिसची भिंत दिसे, आता नुसता उजेड दिसायचा. दाराशी तासलेले खुंट उभे होते, रेघेची टोके वर करून.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" रोवीनाने विचारले.

"काय?"

"वाळूचं."

"त्यात कोणी सांगायला काय पाहिजे?" त्यांनी माशाचा काटा अख्खा उचलून बशीच्या कडेला ठेवला. ते काम त्यांना अजून सुरेख जमे. "एका बाजूला ढीग, दुसऱ्या बाजूला खड्डा."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं असं नाही. दिसत होतं."

रोवीनाने हातातला काटा-चमचा खाली ठेवला. तिलाही दिसत होते. उत्तरेकडून कुंपणावर चढायला पाऊलही उचलावे लागत नसे आणि दक्षिणेकडे उतरताना शिडी लागे. ती शिडी दर सप्टेंबरला तीच आणून लावायची. शिडी का लागते, असे तिने स्वतःला कधी विचारले नव्हते.

"मेव्हिसनं मार्चमध्ये खुंट आणून दिले तेव्हा?"

"घेतले."

"नको म्हणायचं होतंत."

"नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं!"

"काय सांगू? मेव्हिस, तुझं घर माझ्या कुंपणानं खाल्लं, आता हातगाडी घेऊन परत जा?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खोकल्यात बुडाला. खोकला थांबल्यावर ते हळू बोलले. "तिच्या आधी पिकर्सलांचं गेलं. त्यांच्या आधी धाकट्या टॉमचं. सगळ्यांनी आणून दिले. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, ह्यूबर्ट, तुझं तरी राहू दे. सगळ्यांचं अर्धं अर्धं वाचवायचं की एकाचं पुरं? एक घर उभं आहे तोवर स्कर्बी आहे. तेही गेलं की नकाशावर नुसतं पाणी."

"त्यांना विचारून ठरवलं असतंत तर वेगळं होतं."

"तू विचारलंस कधी? पंधरा वर्षं मोगरी मारतेयस."

बैठ्या घराचे तिच्या ओठांवर आले होते. तिथे न्हाणीघरात धरायला कठडा आहे, दाराला पायरी नाही, खिडकीतून एक भिंत दिसते. पण वडिलांनी बटाट्याचा शेवटचा तुकडा तिच्या ताटात सरकवला. ती लहान असल्यापासून ते असे करत. तिने तो खाल्ला आणि बोलायचे राहून गेले.

शनिवारी सकाळी पाणी खूप मागे गेले होते. हवा स्वच्छ होती. केरिस सामान आवरत होती. आदल्या भरतीने हेझलचा वरचा थर पुरा नेला होता. काटक्या होत्या तिथे बोटे फिरवल्यासारखे नुसते चर उरले होते. खालच्या ओकच्या फळ्यांच्या कडा झिजायला लागल्या होत्या. केरिसने खुणेसाठी लावलेल्या झेंड्याही एकदोनच राहिल्या होत्या. ती रडत वगैरे नव्हती. गुडघ्यावर वही ठेवून राहिलेले मोजत होती.

ह्यूबर्ट कुंपणाच्या टोकाशी उलट्या खोक्यावर बसले होते. रोवीनाने खुंट आणि भारे वाहून आणले. एवढ्यात शिडीवर बूट वाजले.

मेव्हिस आली होती. हातात आलुबुखाराच्या केकचा डबा, पाठीवर काटेरी झुडपांचा एक भारा. कुंपणाच्या दिवशी प्रत्येक घराने एक भारा आणायचा असे. तिला घर नव्हते, तरी तिने आणला होता.

"तू कशाला आलीस?" रोवीना पुढे होऊन हळूच म्हणाली.

"मला काय माहीत? सकाळी उठले तर हात पिठात." तिने भारा खाली टाकला. "बसमधला तो ड्रायव्हर म्हणतो, आजी, काटे सीटला लागतील. म्हटलं, सीटला लागू देत, तुला लावत नाही हे नशीब समज."

ती ह्यूबर्टकडे बघत नव्हती.

"आलीस," ह्यूबर्ट म्हणाले.

"आले."

"गुडघा कसा आहे?"

"जागेवर आहे. घरापेक्षा बरा."

ह्यूबर्टनी मान खाली घातली. मग त्यांनी एक खुंट उचलला, टोक वाळूत टेकवले, दोन्ही हातांनी धरला आणि तोंड एका बाजूला वळवले. मोगरी चुकली तर डोक्यात बसू नये, म्हणून धरणारा नेहमी असे करी.

"मार, पोरी."

रोवीनाने मोगरी उचलली. खुंट थरथरत होता. वडिलांचे हात खुंट स्थिर धरण्यापलीकडे गेले होते. मागच्या वर्षीही ते थरथरले होते, पण इतके नाही. त्यांनी पकड घट्ट केली तसा खुंट जास्तच डुलू लागला.

"म्हाताऱ्या, मनगट फोडून घेशील," मेव्हिस म्हणाली.

ती वाळूत गुडघे टेकून बसली. एक गुडघा टेकताना तिने तोंडातल्या तोंडात शिवी दिली. मग तिने आपले दोन्ही हात ह्यूबर्टच्या हातांवर ठेवले आणि तोंड दुसऱ्या बाजूला वळवले. तिची नजर दक्षिणेला गेली. तिथे तो पांढरा नळ होता. खुंट हलायचा थांबला.

"हं, मार आता," ती म्हणाली. "पाणी काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

चार म्हातारे हात एका खुंटावर होते. त्यांच्या पलीकडे मेव्हिसचेच मार्चमधले खुंट उभे होते, काळे पडू लागलेले. लांबवर काळ्या थरात रोवलेले ते दुसरे खुंट होते, ज्यांच्यावर कोणी काही टाकले नव्हते. रोवीनाची मोगरी खांद्यावर होती. ती मारली तर हा खुंट बसेल, मग पुढचा, संध्याकाळपर्यंत कुंपण उभे राहील आणि या हिवाळ्यात घर कदाचित वाचेल. नाही मारली तर मेव्हिसचे काही परत येणार नव्हते, केरिसचा रस्ता राहणार नव्हता आणि तिचे वडील त्या बैठ्या घरात भिंतीकडे बघत किती दिवस काढतील हे तिला आताच दिसत होते.

"रोवीना," ह्यूबर्ट तोंड न वळवता म्हणाले. "मार ना."

पण हेच कुंपण मेव्हिसच्या हातांनी पुन्हा उभे करवून घेणे तिच्याने होईना, आणि त्या दुसऱ्या खुंटांपाशीही कोणीतरी एके दिवशी थांबलेच होते. तिने मोगरी खांद्यावरून उतरवली आणि ओल्या वाळूवर आडवी ठेवली.

"सोडा तो खुंट, बाबा," ती म्हणाली. "मेव्हिस, तूही सोड. मी मारणार नाही. आपण स्कर्बी सोडतोय."